दयाळच्या गाण्याची शंभर वर्षं

१९२०च्या दशकात सिंगापुरात दयाळ बागाबागांतून दिसायचा. १९७०च्या दशकापर्यंत तो तिथे दुर्मीळ झाला. जंगल तुटलं की जावा, असा हा पक्षी नव्हे. अंगणात, मळ्यात, आमराईत सुखाने राहणारा. मग घडलं काय? एक कारण आपल्याला चक्रावून टाकणारं आहे: बाहेरून तिथे जाऊन पोचलेली साळुंकी. दोघांनाही घरट्यासाठी झाडाची ढोली नाहीतर भिंतीतलं भोक लागतं, आणि साळुंकी दांडगी. आपल्याकडे मात्र हे दोघे पिढ्यान्‌पिढ्या एकाच आवारात नांदताहेत. दुसरं कारण पिंजरा. मला तेच जास्त सलतं.

मार्चच्या सुमारास पहाटे उठून दयाळचं गाणं ऐका. हिवाळाभर गप्प राहिलेला नर झाडाच्या शेंड्यावर किंवा टीव्हीच्या अँटेनावर येऊन बसतो. काळाभोर, निळसर चकाकी असलेला, पंखावर पांढरा पट्टा. शीळ घालता घालता शेपटी पसरतो, मध्येच दुसऱ्याच पक्ष्याची हुबेहूब नक्कल करतो. राखी रंगाची मादी तेव्हा खाली पाचोळ्यात किडे टिपत असते.

हा गळाच त्याला नडला. आपल्या देशातही एके काळी गाण्यासाठी आणि झुंजीसाठी दयाळ पाळत. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९९१मध्ये तो आणखी कडक झाला आणि देशी पक्ष्यांचा बाजार बेकायदा ठरला. चोरटी विक्री संपली नाही, तरी कायद्याचा धाक आला. बांगलादेशाने तर दयाळला राष्ट्रीय पक्ष्याचा मान दिला, २ टाकाच्या नोटेवर त्याला जागा दिली.

आग्नेय आशियात उलटं झालं. इंडोनेशियात पाळीव पक्ष्यांच्या गाण्याच्या स्पर्धा भरतात, त्यांत चांगल्या गळ्याला मोठी किंमत येते आणि ती मागणी पुरवायला मलेशियातून तस्करी होते. २०१५ ते २०२० या काळात त्या भागात २६ हजारांहून अधिक दयाळ जप्त झाले. हे फक्त पकडले गेलेले. धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत तो आजही ‘किमान चिंता’ याच गटात आहे. सिंगापूरची हकिगत त्या दोन शब्दांत मावत नाही.

तेव्हा विनंती एवढीच: आवारातला वाळका बुंधा घाईने तोडू नका, भिंतीतलं भोक मार्च ते जुलै बुजवू नका, आणि पिंजऱ्यातला दयाळ विकायला दिसला तर वनखात्याला कळवा.