धान्य नसलेले ‘ग्रेन’, बेट नसलेले बेट

आपल्या सीमाभागात गावाच्या नावाचा अर्थ एकाच भाषेतून लावायला गेले की हमखास फसगत होते. नावाच्या शेवटी येणाऱ्या ‘हळ्ळी’चा अर्थ मराठीतल्या ‘हल्ली’त शोधून सापडत नाही, तो कानडीतच असतो. इंग्लंडमधल्या ‘आयल ऑफ ग्रेन’ या गावाचेही असेच आहे. नावावरून धान्याचे बेट वाटते. पण येथला ‘ग्रेन’ हा जुन्या इंग्रजीतला वाळू-खडी या अर्थाचा शब्द, धान्याशी त्याचा संबंध नाही! आणि बेट म्हणावे, तर तेही आता उरलेले नाही.

लंडनपासून पूर्वेला सुमारे ५५-६० किलोमीटरवर, केंट परगण्यात, थेम्स आणि मेडवे या दोन नद्या समुद्राला मिळतात. त्यांच्या मधल्या चिंचोळ्या भूभागाचे हे पूर्वेकडचे टोक. त्याला मुख्य भूमीपासून तोडणारी यांटलेट नावाची खाडी एके काळी होड्या जाण्याइतकी खोल होती. ती हळूहळू गाळाने भरली आणि बेट जमिनीला चिकटले. थेम्सवरील लंडन शहराचा जुना हक्क येथपर्यंत चाले, त्याची खूण म्हणून ‘लंडन स्टोन’ हा दगड या खाडीच्या तोंडाशी उभा आहे.

चिखल, बांध आणि हिवताप

येथे पॅरिश म्हणजे मूळची चर्चची हद्द. आज आपल्या ग्रामपंचायतीसारखी सर्वांत खालची पंचायत. लोकवस्ती जेमतेम दीड-पावणेदोन हजार. घरे आणि बाराव्या शतकातले सेंट जेम्स चर्च जरा उंचवट्यावर. भोवती सगळी सपाट दलदल. समुद्राचे पाणी अडवायला बांध घातले, चर काढले आणि त्या कुरणांवर मेंढ्या-गुरे चारली, ही येथली शतकानुशतकांची शेती.

या दलदलीत हिवतापही होता. इंग्लंडमध्ये मलेरिया? होय! पहिल्या महायुद्धातून सैनिक तो अंगात घेऊन परतले, तेव्हा केंटच्या या पाणथळ किनाऱ्यावर कधी परदेशी न गेलेल्या माणसांनाही थंडी-ताप येऊ लागला होता.

शहराला हवे, पण दारात नको

खोल पाणी, सपाट जमीन, तुरळक वस्ती आणि जवळच लंडन! उद्योगांना आणखी काय हवे? १८८२ मध्ये येथे पोर्ट व्हिक्टोरिया हे स्थानक निघाले. १९५३ मध्ये तेल शुद्धीकरण कारखाना सुरू झाला आणि १९८२ मध्ये बंद पडला. त्याच्या जागेवर १९९० मध्ये टेम्सपोर्ट हे कंटेनर बंदर उभे राहिले. इंग्लंड-फ्रान्स बोगद्याला इंग्लंडच्या बाजूने आतून लावलेले काँक्रीटचे तुकडे येथेच ओतले गेले. त्यासाठी ग्रॅनाइटची खडी स्कॉटलंडहून जहाजाने येई. तेलावरच्या वीज केंद्राची २४४ मीटर उंच चिमणी कित्येक मैलांवरून दिसे. ती २०१६ मध्ये स्फोटाने पाडली.

२००५ पासून येथे द्रवरूप नैसर्गिक वायू जहाजांनी येतो. उणे १६० अंशांच्या आसपास थंड केला की वायूचे आकारमान सुमारे सहाशे पटींनी घटते, म्हणून तो जहाजाने नेता येतो. वापरण्याआधी त्याला पुन्हा ऊब द्यावी लागते. शेजारच्या नव्या वीज केंद्रातली वाया जाणारी उष्णता त्यासाठी वापरण्याची सोय केली आहे. एकाचा टाकाऊ भाग दुसऱ्याच्या कामी! वाचकहो, हा व्यवहार आपल्यालाही परका नाही. दाभोळला असाच वायू उतरतो आणि बेळगाव-धारवाडवरून बंगळूरला गेलेली वाहिनी २०१३ मध्ये सुरू झाली.

गावच पुसले असते

सर्वांत मोठे संकट आले ते विमानतळाचे. लंडनसाठी चार धावपट्ट्यांचा प्रचंड विमानतळ येथे बांधावा, अशी योजना वास्तुशिल्पी नॉर्मन फोस्टर यांच्या संस्थेने २०११ मध्ये मांडली. लंडनचे तेव्हाचे महापौर बोरिस जॉन्सन खाडीकाठच्या विमानतळाचे खंदे पुरस्कर्ते होते. कागदावर ही जमीन ‘रिकामी’ होती. प्रत्यक्षात तेथे माणसांची घरे होती, चर्चच्या आवारात पूर्वजांची थडगी होती आणि हिवाळ्यात चिखलावर उतरणारे हजारो स्थलांतरित पक्षी होते. सप्टेंबर २०१४ मध्ये विमानतळ आयोगाने ही सूचना फेटाळली. अफाट खर्च आणि पक्ष्यांचा अधिवास ही कारणे होतीच. शिवाय वायूचा प्रकल्प हलवायचा कुठे, हाही प्रश्न होता. ज्या उद्योगांनी गावाला वेढले, त्यांतलाच एक गावाच्या बाजूने उभा राहिला म्हणायचा!

शहराला दिवे हवेत, गॅस हवा, माल हवा. त्यांच्या टाक्या आणि चिमण्या मात्र दूर कुठेतरी हव्यात. हे ‘दूर कुठेतरी’ नेहमीच कुणाचे तरी गाव असते. नकाशावर कोरी दिसणारी जमीन कोरी असतेच असे नाही, एवढे ग्रेनकडून शिकले तरी पुरे. रिंगरोड असो वा औद्योगिक वसाहत, जमीन मोजायला माणसे येतात तेव्हा ‘येथे काय बांधता येईल?’ याआधी ‘येथे काय आहे?’ हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.