भविष्यपुराणातलं ‘भविष्य’

येशू, महंमद पैगंबर, अकबर, व्हिक्टोरिया राणी या सगळ्यांविषयी व्यासांनी हजारो वर्षांपूर्वीच भविष्यपुराणात लिहून ठेवलंय, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. सांगणाऱ्यांत हिंदू असतात, मुस्लिम प्रचारकही असतात. एकाच उताऱ्यातून दोघेही आपापल्या सोयीचं काढतात.

गैरसमज : असे श्लोक पुराणात नाहीतच, कोणीतरी थाप मारतंय.
वस्तुस्थिती : श्लोक आहेत. मुंबईच्या वेंकटेश्वर छापखान्याने १८९७ साली छापलेल्या प्रतीत, प्रतिसर्गपर्व या भागात ते सापडतात. प्रश्न आहे तो ते लिहिले कधी, हा.

गैरसमज : पुराण जुनं, म्हणजे त्यातलं सगळंच जुनं.
वस्तुस्थिती : आपस्तंब धर्मसूत्रात ‘भविष्यत्पुराणा’चा उल्लेख आहे खरा, पण तिथे दिलेलं वचन आजच्या ग्रंथात मिळत नाही. पुराणांत शतकानुशतकं भर पडत गेली. प्रतिसर्गपर्वात तर नादिरशहा आहे, इंग्रजांचं राज्य आहे, कलकत्ता आहे. रविवारला ‘सण्डे’ आणि फाल्गुनाला ‘फर्वरी’ म्हणतात हेही आहे! त्याच पर्वात भोजराजा महामदाला भेटतो, सोबत कालिदास. पैगंबरांचं निधन ६३२चं, धारचा भोज अकराव्या शतकातला. त्रिकालदर्शी ऋषीची एवढी चूक होणार नाही. ऐकीव इतिहास जुळवणाऱ्याची होते. जर्मन संस्कृतज्ञ थिओडोर आउफ्रेख्ट यांनी १९०३मध्येच याला वाङ्मयीन फसवणूक म्हटलं होतं. मला तो शब्द थोडा कठोर वाटतो, कारण घडून गेलेलं भविष्यकाळात सांगणं ही पुराणांची जुनी रीतच आहे. मत्स्य, वायू पुराणांत आंध्र राजे, म्हणजे आपले सातवाहन, ‘पुढे होतील’ असेच येतात, आणि इतिहासकार त्या याद्या इतिहास म्हणूनच वापरतात.

गैरसमज : हा प्रकार फक्त आपल्याकडचा.
वस्तुस्थिती : बायबलमधल्या दानिएलच्या पुस्तकात चौथा अँटायोकस या राजाने केलेल्या ज्यूंच्या छळापर्यंतचा तपशील अचूक जुळतो. त्याच्या मृत्यूचं भाकीत मात्र चुकलं, तो इ.स.पू. १६४मध्ये दूर पर्शियाकडे वारला. अभ्यासक त्या भागाचा काळ ठरवतात तो नेमका या सांध्यावरून.

पुढच्या वेळी कोणी असा श्लोक दाखवला, तर घटनेच्या आधीची प्रत दाखवा म्हणावं. आणि ती घटना घडण्यापूर्वी त्या श्लोकाचा हाच अर्थ कोणी लावला होता का, हेही विचारावं. भविष्यपुराणाची ही छापील प्रत व्हिक्टोरियाच्या काळापर्यंत येते. १९४७ची फाळणी तीत नाही.