विजेची लाट

सातारा जिल्ह्यातील कोयनानगर येथे ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे मोठा भूकंप झाला. धरणात बसविलेल्या एका यंत्राने ते हादरे टिपून ठेवले. हादरे थांबले, पण त्यांची नोंद उरली; म्हणूनच अभियंत्यांना त्यांचा अभ्यास करता आला.

असेच क्षणात विरणारे हेलकावे विजेच्या तारेतही असतात. सांगलीतील घरात जळणारा दिवा आपणांस स्थिर भासतो. परंतु त्याच्या विजेचा दाब दर सेकंदास ५० वेळा चढतो, उतरतो आणि उलट दिशेनेही तसाच वाढून ओसरतो. हे हेलकावे दाखविणाऱ्या उपकरणास ऑसिलोस्कोप म्हणतात.

डिजिटल ऑसिलोस्कोप सेकंदात कोट्यवधी वेळा दाब मोजतो, ते आकडे साठवितो आणि त्यांवरून पडद्यावर नागमोडी रेषा काढतो. पडद्यावर चौकटी आखलेल्या असतात. आडव्या चौकटींवरून काळ कळतो, उभ्या चौकटींवरून दाब. एक आडवी चौकट ५ सहस्रांश सेकंदाची धरली, तर घरच्या विजेची एक लाट ४ चौकटी व्यापते. म्हणजे एका लाटेस २० सहस्रांश सेकंद लागतात. म्हणून सेकंदात ५० लाटा!

एकदाच येणारा झटकाही यातून निसटत नाही. दाबाने ठरविलेली मर्यादा ओलांडेपर्यंत हे उपकरण पहारेकऱ्याप्रमाणे वाट पाहते. ती ओलांडताच त्या क्षणाचे चित्र जपून ठेवते.

मुलांनो, घरातील विजेशी मात्र असा प्रयोग कधीही करू नका. प्रयोगशाळेत तो दाब प्रथम कमी करून घेतात आणि मगच मोजतात.