व्यवस्थापन सल्ला व्यवसाय : ज्ञान, विश्वास आणि महाड-पोलादपूर परिसरातील पदवीधर

प्रस्तावना :
वाणिज्य व विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना व्यवसाय मार्गदर्शन करताना 'व्यवस्थापन सल्लागार' या पेशाचा उल्लेख आवर्जून केला जातो. मात्र हा उल्लेख बहुधा वेतनाच्या आकड्यांपाशी सुरू होतो आणि तेथेच संपतो. सल्लागार नेमके काय विकतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. महाड व पोलादपूर तालुक्यांतील विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हाच प्रश्न कळीचा आहे.

सल्ला व्यवसायाचे स्वरूप :
एखाद्या संस्थेच्या अडचणीचे बाहेरील तज्ज्ञाने केलेले स्वतंत्र निदान व त्यावर सुचविलेला उपाय, म्हणजे व्यवस्थापन सल्ला होय. हिशेब तपासणे, मालकापासून कामगारापर्यंत सर्वांशी बोलणे, पर्याय मांडणे आणि अहवाल देणे हे त्याचे नित्याचे काम. कापड घेताना ते हाताने पारखता येते. सल्ल्याचे तसे नाही. तो बरा की वाईट हे घेतल्यानंतरही कित्येक महिने समजत नाही. म्हणून ग्राहक सल्ल्याऐवजी सल्लागाराची पारख करतो. तो कोण, कोठला, कोणाच्या ओळखीचा, हे आधी पाहिले जाते.

या पारखेचे सर्वांत बोलके उदाहरण महाडच्या इतिहासाशी जोडलेल्या व्यक्तीचेच आहे. चवदार तळ्याच्या सत्याग्रहापूर्वी सुमारे एक दशक डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मुंबईत सल्ला व्यवसाय करून पाहिला होता. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचे शिक्षण घेऊन आणि लंडनमधील अभ्यास अर्धवट सोडून ते १९१७ मध्ये परतले. बडोदा संस्थानची नोकरी राहण्यास जागाही न मिळाल्याने अल्पावधीत सोडावी लागली. त्यानंतर मुंबईत त्यांनी शेअर्स व रोख्यांचा व्यवहार करणाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. सल्लागाराची जात कळताच ग्राहक येईनासे झाले आणि व्यवसाय बंद पडला, अशी नोंद धनंजय कीर यांच्या चरित्रग्रंथात आहे. ज्ञान तेच होते, सल्लाही तोच होता. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले.

ज्या सल्ल्याला गिऱ्हाईक उरले नाही त्याची प्रत काय होती, हे १९१८ मध्येच प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लहान शेतजमिनींवरील निबंधावरून दिसते. जमिनीचे तुकडे लहान म्हणून शेती तोट्यात, तेव्हा ते एकत्र करावेत, असे त्या काळचे प्रचलित निदान होते. आंबेडकरांनी मूळ प्रश्नच तपासला. जमीन किफायतशीर आहे की नाही, हे केवळ क्षेत्रावरून ठरत नाही. श्रम, भांडवल व अवजारे यांचे जमिनीशी प्रमाण कसे आहे, यावर ते अवलंबून असते. आहे त्याच जमिनीला अवजारे अपुरी पडत असतील, तर क्षेत्र वाढवून तोटाच वाढेल. शेतीवरील अतिरिक्त मनुष्यबळ उद्योगांकडे वळविणे हा त्यांचा उपाय होता. पोलादपूरच्या डोंगरउतारांवरील तुकड्यांत नाचणी-वरी पिकविणाऱ्या आणि मुंबईच्या पगारावर चालणाऱ्या कुटुंबांना हे निदान आजही परके वाटू नये. ग्राहकाने सांगितलेली अडचण हीच खरी अडचण आहे का, हे विचारणे सल्लागाराचे पहिले काम असते. वाणिज्य शाखेच्या वर्गात हा निबंध फारसा वाचला जात नाही, हे नवलाचे आहे.

कागदावरील पात्रता व प्रत्यक्ष प्रवेश यांतील अंतर महाडने अन्यत्रही पाहिले. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा बोले ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये संमत झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले असल्याचे जाहीर केले. तरीही त्या पाण्याला हात लागण्यास २० मार्च १९२७ उजाडावा लागला.

विश्वास उभा करण्याचे मार्ग :
व्यक्तीवरील विश्वास संस्थेकडे वळविणे हे या व्यवसायाने काढलेले उत्तर. जेम्स मॅकिन्झी या शिकागो विद्यापीठातील लेखाशास्त्राच्या प्राध्यापकाने १९२६ मध्ये आपली सल्लागार संस्था स्थापन केली. पुढे मार्विन बोवर या मूळच्या वकिलाने तिला वकिली पेशासारखी शिस्त व गोपनीयतेचे नियम दिले. संस्थेचे नाव एवढे भक्कम झाले की पंचविशीतील पदवीधराचा अहवालही ग्राहक स्वीकारू लागले. महाराष्ट्रात लहान उद्योजकांसाठी १९८२ मध्ये पुण्यात 'मिटकॉन' स्थापन झाली. तिच्या पाठीशी वित्तसंस्था व बँका होत्या. येथेही अहवालामागे नाव संस्थेचे होते.

महाड-पोलादपूरमधील वाव :
महाड औद्योगिक वसाहतीतील मोठे रासायनिक कारखाने आपले सल्लागार मुंबई-पुण्याहून आणू शकतात. लहान कार्यशाळा, वाहतूकदार व बाजारपेठेतील दुकानदार यांचा सल्लागार म्हणजे विवरणपत्र भरून देणारा कर सल्लागार. त्यांच्यापुढील प्रश्न मात्र विवरणपत्रापलीकडचे आहेत.

सावित्रीच्या पुराचेच उदाहरण घेता येईल. जुलै २००५ आणि जुलै २०२१ मध्ये महाड शहर पाण्याखाली गेले. समजा, एका दुकानात पावसाळ्यात १२ लाखांचा माल असतो व त्याचा विमा नाही. साठा निम्म्यावर आणून माल वरचेवर मागविल्यास वाहतूक खर्च दरमहा ८ हजार रुपयांनी, म्हणजे चार महिन्यांत ३२ हजारांनी वाढेल. मोठा पूर आल्यास ६ लाखांचा माल वाचेल. सहा लाखांना ३२ हजारांनी भागल्यास सुमारे १९ येतात. असा पूर १९ वर्षांतून एकदाहून अधिक वेळा येत असेल, तर साठा कमी ठेवणे परवडते. वरील दोन पुरांमधील अंतर १६ वर्षांचे आहे. अडकून न राहिलेल्या भांडवलावरील व्याज यात धरलेलेच नाही. एवढा हिशेब बी. कॉम.च्या विद्यार्थ्यास सहज येतो. दुकानदाराने आपली वही त्याच्यापुढे उघडावी कशी, हे कठीण आहे.

पदवी मिळताच 'सल्लागार' असा फलक लावणे योग्य नव्हे. आधी तीन-चार वर्षे कारखान्यात, बँकेत किंवा लेखापालाच्या कार्यालयात काढावीत; सनदी लेखापाल, व्यय लेखापाल अथवा व्यवस्थापन पदव्युत्तर पदवी हे मार्गही खुले आहेत. १९९१ मध्ये स्थापन झालेली व्यवस्थापन सल्लागारांची राष्ट्रीय संस्था अनुभवी व्यक्तींना व्यावसायिक प्रमाणपत्र देते. परंतु ज्याच्या घरात कोणी व्यापारी वा अधिकारी नाही, त्याला पहिला ग्राहक या पदव्यांतून आपोआप मिळत नाही.

येथे महाविद्यालयाचे नाव उपयोगी पडू शकते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार क्षेत्रप्रकल्प व कार्यप्रशिक्षण अभ्यासक्रमात आले आहे. ते पुष्कळदा फाईल भरण्यापुरते उरते. त्याऐवजी दोन विद्यार्थ्यांनी एका दुकानाचा वा बचत गटाचा एकच प्रश्न घ्यावा, प्राध्यापकाने हिशेब तपासून स्वाक्षरी करावी आणि अहवाल महाविद्यालयाच्या नावाने द्यावा. विद्यार्थी कोणते पाठवायचे, हे आडनाव वा ओळख पाहून न ठरविता नोंदवहीतील क्रमाने ठरवावे. अहवालाची मूळ प्रत दुकानदाराकडे राहावी. विभागात ठेवायच्या प्रतीवर दुकानाचे नाव नसावे, केवळ क्रमांक असावा. गावातल्या गावात एकाची उधारी दुसऱ्याला कळली, तर पुढच्या वर्षी कोणीही वही उघडणार नाही.