एअरब्रशचा रंग : काही समज, काही खुलासे

तुमसरसारख्या गावी, जिथे बाजारात धानाच्या पोत्यांच्या थप्प्या लागतात आणि तुमसर रोड जंक्शनाहून तिरोडीच्या फाट्याने मँगनीजच्या वाघिणी जा-ये करतात, तिथे एखाद्या तरुणाने विमानाची वा रेल्वे इंजिनाची प्लॅस्टिकची लघुप्रतिकृती जुळवून ती एअरब्रशने रंगवायला घेतली, तर त्याला उपदेश करणाऱ्यांची वाण पडत नाही. वाण पडते ती त्या उपदेशाची शहानिशा करणाऱ्यांची. या छंदाचे रंग बहुधा परदेशी, आणि डबीवरील सूचना थंड मुलखात लिहिलेल्या. मेमध्ये सावलीतही 45 अंशांना भिडणाऱ्या आणि आषाढात भिंतींना ओल आणणाऱ्या आमच्या भंडारा जिल्ह्यात त्या जशाच्या तशा अमलात आणल्या, तर रंगाची तक्रार रंगाकडे नेण्यात अर्थ उरत नाही.

बाकीचे बहुतेक गैरसमज ज्यातून उपजतात, तो मूळ समज असा की, पाण्याशी फटकून वागणारे सारे रंग एकाच जातीचे असून हार्डवेअरच्या दुकानातला कोणताही थिनर त्यांना चालतो. वस्तुतः या रंगांची निदान दोन घराणी आहेत. एनॅमल हा तेलयुक्त अल्किड राळेचा रंग; त्यातले टर्पेंटाइन उडून गेले म्हणजे तो बोटाला लागेनासा होतो एवढेच, त्याचे खरे वाळणे चालते ते हवेतील प्राणवायू ग्रहण करून, रेणूला रेणू सांधत, आणि ही क्रिया त्वरेने व्हावी म्हणून त्यात कोबाल्ट वा मँगनीज यांची संयुगे अल्प प्रमाणात घालण्याचा जुना शिरस्ता आहे. (डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथील खाणींच्या शेजारी राहणाऱ्याने हे वाक्य किंचित अभिमानाने वाचले, तर माझी हरकत नाही, मात्र डबीतले मँगनीज इथलेच, असा दावा कोणी करू नये.) लॅकरची रीत निराळी. त्यातील द्रावक उडाला की काम संपले. पुन्हा तोच द्रावक लावला की वाळलेला थर पुन्हा विरघळतो. 1920 च्या दशकात अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीने ‘ड्युको’ हा असा रंग मोटारींसाठी आणला, तेव्हा जे काम आठवडे खाई ते तासांवर आले, आणि आपल्याकडचे कारागीर आजही ‘ड्युको मारणे’ हा शब्दप्रयोग करतात, तो त्याच घराण्याचा वारसा होय.

हा भेद ध्यानी आला म्हणजे पुष्कळ कोडी आपोआप सुटतात. एनॅमल हाताला कोरडे लागले म्हणून त्यावर लगेच लॅकर फवारणाऱ्याचा खालचा थर सुरकुततो, कारण तो आतून अजून पक्का झालेला नसतो आणि लॅकरचा जहाल द्रावक त्यात शिरतो. उलट क्रमाने, म्हणजे खाली लॅकर व वर एनॅमल, अशी मांडणी सहसा निर्वेध पार पडते. तसेच गॅरेजमधला एनसी, म्हणजे लॅकरचा, थिनर कुंचल्याने प्रतिकृतीवर चोपडला, तर ज्या पॉलिस्टायरीनची ती बनलेली असते तेच तो विरघळवू लागतो. बारीक फवाऱ्यातून, पातळ थर देत, तोच द्रावक क्षणात उडून जातो व रंगाला पकड तेवढी देतो. म्हणून ‘लॅकरने प्लॅस्टिक जळते’ हे विधान अर्धेच खरे.

दुसरा मोठा समज दाबाविषयीचा. हवा जितकी जोराची तितका रंग तलम, अशी पुष्कळांची श्रद्धा असते, आणि पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर तो जोर पुरवायला सिद्धच असतो. प्रतिकृतीच्या कामाला साधारण 15 ते 20 पीएसआय दाब पुरतो, आणि टाकीत त्याच्या अनेक पट असतो. दाब नियंत्रित करणारी चावी न बसवता काम केले, तर थेंब इतके सूक्ष्म होतात की वाटेतच वाळून पृष्ठभागावर भुकटीसारखे बसतात. मेमधील दुपारी हा प्रकार कमी दाबालाही घडतो. तेव्हा सावकाश उडणारा थिनर घ्यावा, नोझल जवळ आणावी, किंवा सरळ काम संध्याकाळवर टाकावे. शिवाय दाबलेल्या हवेतील बाष्प टाकीत पाणी होऊन साचते. पावसाळ्यात ते सोडून न दिल्यास, व नळीत पाणी अडवणारी गाळणी नसल्यास, रंगाबरोबर पाण्याचे शिंतोडे येतात.

विदर्भातील घरोघरीचा कूलर हा तर स्वतंत्र प्रकरणाचा विषय. कूलर चालू असला की वास निघून जातो, म्हणून धोका टळतो, असे मानले जाते. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो. समोर बाहेर जाण्याची वाट नसेल, तर द्रावकाची वाफ स्वयंपाकघरापर्यंत पोचवतो, आणि सोबत दमटपणाही आणतो. लॅकरचा द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतील बाष्पाचे पाणी होते, आणि काळा इंजिनरंग राखाडी धुक्यासारखा पांढुरतो. नवखा मनुष्य यालाच ‘डुप्लिकेट माल’ म्हणतो. पाऊस सरल्यावरचे, ऑक्टोबर ते फेब्रुवारीतील, कोरडे मध्यान्ह या कामाला आमच्याकडे सर्वोत्तम.

आगीबाबतचा समज अधिक घातक. टर्पेंटाइन सहजी पेटत नाही, ही थंड देशातील कैफियत इथे लागू पडत नाही. ज्या तापमानाला एखाद्या द्रवाची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते, ते खनिज टर्पेंटाइनच्या बाबतीत सर्वसाधारणपणे 40 अंशांच्या आसपास, कित्येक प्रतींत त्याहूनही खाली असते. म्हणजे वैशाखात आमची खोलीच ती मर्यादा ओलांडते. थिनरमधील टोल्युईन आणि ॲसिटोन यांना तर थंडीतही अडसर नाही. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत सरकते, आणि म्हणून शेजारच्या खोलीत तेवणारी समईसुद्धा हिशेबात धरली पाहिजे.

राहिला मुखपट्टीचा प्रश्न. रुमाल बांधणे निरर्थक. धूळ अडवणारा साधा मास्क रंगाचे कण थोपवतो, पण द्रावकाची वाफ त्यातून निर्विघ्न आत जाते. तिला अडवायला सक्रिय कोळशाच्या डब्या असलेला मास्क लागतो, आणि त्या डब्या कालांतराने निकामी होत असल्याने बदलाव्या लागतात. वास येईनासा झाला म्हणजे हवा शुद्ध झाली, असेही नव्हे. काही वेळाने नाकच त्या वासाला सरावते. ‘ॲक्रिलिक’ लिहिलेली डबी घेतली म्हणजे या साऱ्या जंजाळातून सुटका, असे मानणारेही आहेत. परंतु छंदाच्या कित्येक ॲक्रिलिक रंगांत पाण्याबरोबर अल्कोहोल असते, आणि शुद्ध पाण्याचा रंगसुद्धा फवारला की त्याचे कण श्वासात जातातच, तेव्हा मास्क तिथेही लागतो.