घरचे कुत्रे, घरचे मांजर आणि शाळेतील मुले

भाकरी तोंडात धरून पळणाऱ्या कुत्र्यामागे संत नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा प्राथमिक शाळेतील मुलांस फार आवडते. भूतदयेचा संस्कार करण्यास ती उत्तम आहे, यात संशय नाही. तथापि तोंडात घास असलेल्या कुत्र्याच्या पाठीमागे धावणे संतांस शोभले, मुलांनी तसे करू नये, एवढी पुस्ती शिक्षकांनी त्या कथेस जोडावयास हवी. खेड्यातील मुलांस होणारे कुत्र्यांचे चावे पुष्कळदा अशाच प्रसंगी होतात. खात असलेल्या कुत्र्यास कोणी हात लावतो, झोपलेल्याच्या शेपटीवर कोणाचा पाय पडतो, कोणी पिलू उचलून घेतो, आणि कुत्रे चावते. पिसाळल्याचा संशय असलेल्या जनावरांनी चावलेल्या माणसांत सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालील मुले असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून आपल्या घरचे जनावर काय खाते, कसे बोलते आणि कसे खेळते हे मुलांस समजावून देणे हा शिक्षकांच्या कामाचाच भाग होय. परिसर अभ्यासाच्या तासास याहून जवळचा विषय मिळणे कठीण.

प्रथम आहाराचा विचार करू. कुत्रे आणि मांजर दोन्ही मांसाहारी वर्गातील प्राणी. परंतु माणसाच्या दारी आल्यावर दोघांचा मार्ग वेगळा झाला. कुत्र्याचा पूर्वज लांडगा. निदान चौदा-पंधरा हजार वर्षे तो माणसाच्या संगतीत आहे, आणि या दीर्घ सहवासात त्याचे पोटही बदलले. पिष्टमय अन्न पचविणारा पाचकरस निर्माण करण्याची शक्ती कुत्र्यात लांडग्यापेक्षा पुष्कळ अधिक आहे, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविण्यात आले. आपल्याकडील कुत्री ज्वारी-बाजरीच्या भाकरीवर पिढ्यान्‌पिढ्या राहिली, त्याचे मर्म येथे आहे. मात्र राहणे वेगळे आणि पोसणे वेगळे. कोरड्या भाकरीबरोबर वरण, उकडलेले अंडे, मांस वा मासळीचे उरलेले तुकडे यांपैकी काहीतरी मिळाले पाहिजे. भाकरीस थोडे तूप अथवा तेल लागले तर तेही कुत्र्यास मानवते, त्यामुळे नामदेवांची वाटी आहारशास्त्राच्या दृष्टीनेही वाया जाणारी नव्हती. मोठ्या कुत्र्यास दिवसातून दोन वेळा आणि पिलास तीन-चार वेळा खाणे द्यावे. पिलांना पाजणाऱ्या कुत्रीस नेहमीच्या दुपटी-तिपटीने अन्न लागते. ती शाळेच्या आवारात भुकेने घुटमळताना दिसली, तर तिच्या धिटाईचे कारण तिच्या पोटात आहे हे ओळखावे.

मांजराची गोष्ट निराळी. ते वाळवंटी प्रदेशातील रानमांजराचे वंशज असून आजही मनाने व पोटाने शिकारीच राहिले आहे. दूधभात हे मांजराचे अन्न, अशी समजूत घरोघर आढळते. वस्तुतः वयात आलेल्या पुष्कळ मांजरांस दुधातील साखर पचत नाही व त्यांस हगवण लागते. भातातून त्याच्या शरीरास जे हवे ते मिळत नाही. टॉरिन नावाचे एक द्रव्य केवळ मांसमासळीसारख्या प्राणिज अन्नात पुरेसे असते आणि मांजराच्या शरीरात ते गरजेइतके तयार होत नाही. ते न मिळाल्यास मांजराची दृष्टी जाते हे १९७५ साली, आणि हृदय दुर्बळ होते हे १९८७ साली संशोधकांनी सिद्ध केले. गाजरपालेभाज्यांतील रंगद्रव्यापासून माणूस व कुत्रे ‘अ’ जीवनसत्त्व बनवितात, मांजरास तेही साधत नाही. गोड चव तर त्यास कळतच नाही. पेढा खाणारे मांजर त्यातील खव्यावर खूष असते, साखरेचा त्याच्याशी संबंध नसतो.

मग दूधभातावर वाढलेली गावातील मांजरे धडधाकट कशी, असा प्रश्न एखादा चौकस मुलगा विचारील. त्याचे उत्तर कणगीमागे आहे. तिथला उंदीर हे मांजराचे परिपूर्ण अन्न होय, दूधभात हा केवळ वरखर्च. ज्या घरी उंदीर नाहीत वा जे मांजर दारे बंद असलेल्या घरात राहते, तेथे मात्र रोज थोडी मासळी, मांस वा अंडे दिल्यावाचून चालत नाही. मांजरास उपाशी ठेवले म्हणजे ते अधिक उंदीर मारते, हाही एक गैरसमज. शिकारीची ओढ भुकेवर अवलंबून नसते. पोट भरलेले मांजरही उंदरावर तितक्याच उत्साहाने झडप घालते, आणि अशक्त मांजराच्या हातून मात्र तो निसटतो. घरात उंदरांसाठी विष ठेवले असेल, तर त्या विषाने मेलेला उंदीर मांजराच्या पोटी जाऊ नये यासाठी जपावे.

आपल्यास पथ्यकारक असलेल्या काही वस्तू या जनावरांस घातक असतात. कांदा व लसूण, कच्चे असोत वा शिजविलेले, त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशींचा नाश करतात. मांजरास हा त्रास अधिक लवकर होतो. द्राक्षे आणि बेदाणे यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. नाशिक-सांगलीकडील द्राक्षबागांच्या गावी हे मुलांस आवर्जून सांगितले पाहिजे. चॉकलेटही वर्ज्य. शिजविलेले कोंबडीचे हाड फुटून त्याच्या टोकदार फाका होतात व त्या घशात वा आतड्यात रुततात. ताप आलेल्या मांजरास कोणी कळवळ्याने माणसाची पॅरासिटामोलची गोळी दिली, तर ती एक गोळीही त्याचा जीव घेण्यास पुरते.

येथे शालेय पोषण आहाराचा उल्लेख करणे प्राप्त आहे. खिचडी वाढण्याच्या वेळी पडवीच्या पायरीशी कुत्री गोळा होतात, हे दृश्य अनेक शाळांत रोजचे आहे. मुले त्यांच्यापुढे घास टाकतात, दोन कुत्र्यांत भांडण जुंपते आणि मधले मूल सापडते. उरलेले अन्न मुलांच्या हातून मुळीच टाकू देऊ नये. मुले जेवून वर्गात गेल्यावर, हात धुण्याच्या नळापासून दूर, एका ठराविक जागी मोठ्या माणसाने ते ठेवावे. ठराविक वेळ व ठराविक जागा कुत्री फार लवकर शिकतात, आणि काही दिवसांतच पायरी मोकळी होते. कुत्र्यांना दगड मारून हाकलण्याने हे साधत नाही. त्याने ती भित्री होतात, आणि भ्यालेले कुत्रे हेच बहुतेक वेळा चावणारे कुत्रे असते.

कुत्रे चावण्यापूर्वी बहुधा बोलते. ती भाषा मुलास येत नाही, एवढीच अडचण. शेपूट हलविणारे कुत्रे खूष असते, हा सर्वत्र रूढ झालेला आणि बराचसा फसवा नियम आहे. अंग सैल, कान मऊ आणि शेपटीबरोबर कंबरही डोलत असेल तर ते प्रेम समजावे. अंग ताठ, शेपूट उंच व कडक असून तिचे टोकच तेवढे थरथरत असेल, तर दूर राहावे. कुत्रे तोंड फिरवून घेते, खाणे समोर नसताना जिभेने ओठ चाटते, झोप नसता जांभई देते, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दाखविते, तेव्हा ‘मला सोडा’ असे ते सांगत असते. लहान मूल गळ्यात हात घालून कुत्र्यास आवळते त्या वेळी ही चिन्हे हमखास दिसतात, आणि घरची मंडळी कौतुकाने पाहत असतात. माणसांत मिठी हे प्रेमाचे लक्षण असले, तरी कुत्र्यास ती अडकवून टाकल्यासारखी वाटते. याही पुढे जाऊन ते गुरगुरले, तर त्यास मारू नये. मार खाऊन गुरगुरणे सोडलेले कुत्रे सुधारत नाही. ते पुढे सूचना न देता चावते.

मांजराची बोली पुष्कळ अंशी उलट आहे. शेपूट सरळ उभी करून येणारे मांजर भेटीस येत असते. शेपूट डावी-उजवीकडे आपटणारे मांजर चिडलेले असते, आणि कुत्र्याच्या शेपटीवरून शिकलेले मूल येथेच फसते व बोचकारे घेऊन येते. कान मागे चपटे, पाठीची कमान आणि फिसकारणे ही शेवटची सूचना. मांजर डोळे हळूच मिटून उघडते ती खात्रीची खूण होय. मुलांनी दुरून तसेच करून पाहावे, पुष्कळदा उत्तर मिळते. मांजराची गुरगुर बहुधा समाधानाची असते, परंतु आजारी वा जखमी मांजरही गुरगुरते, हे विसरू नये.

खेळ ही या जनावरांची चैन नव्हे. मांजराचे पिलू लोंबणाऱ्या पदरावर झेप घेते तेव्हा ते दबा धरणे, अंतर जोखणे, पंजा मारणे शिकत असते. कुत्र्याची पिले एकमेकांचे कान चावतात तेव्हा किती जोराने चावल्यास भावंड केकाटते व खेळ थांबतो, याचे शिक्षण होत असते. आईजवळून फार लवकर उचललेल्या पिलाचे हे शिक्षण अपुरे राहते, आणि मोठेपणी ते खेळतानाही जोराने चावते. म्हणून डोळे उघडल्याबरोबर पिलू दप्तरात घालून आणण्याची जी आवड मुलांत असते, तिला आवर घालावा. आठ आठवडे ते आईपाशीच राहू द्यावे. मात्र याच काळात माणसांचा परिचय व्हावयास हवा. कुत्र्याच्या पिलाच्या बाबतीत तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे बारा-चौदा आठवड्यांपर्यंत, आणि मांजराच्या बाबतीत दुसऱ्यापासून सातव्या आठवड्यापर्यंत जे हात प्रेमाने फिरतात, त्यांची ओळख जन्मभर पुरते.

चार ते सहा महिन्यांचे पिलू चपला कुरतडते ते खोडी म्हणून नव्हे. त्याचे २८ दुधाचे दात पडून ४२ कायमचे दात येत असतात. जुन्या कापडाची जाड गाठ त्यास द्यावी, चपला वाचतात. चेंडू खेळावयाचा तर पिवळा वा निळा घ्यावा. कुत्र्यास तांबडा व हिरवा यांतील भेद नीट कळत नाही, त्यामुळे गवतातील लाल चेंडू ते डोळ्यांनी शोधण्याऐवजी नाकाने शोधते. वर्गात हा प्रयोग मुले मोठ्या आनंदाने करतील. मांजरास सुतळीला बांधलेली चिंधी पुरे, परंतु खेळ संपताच सुतळी उचलून ठेवावी, कारण गिळलेली दोरी त्याचे आतडे गोळा करते. त्याचा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा, सकाळ-संध्याकाळचा. बाकी दिवसभर ते झोपते व त्यास झोपू द्यावे. दिवसभर साखळीस बांधलेल्या कुत्र्याची मात्र सर्वांत अधिक उपेक्षा होते. त्यास खेळ नाही, फिरणे नाही, आणि भ्याले तर पळण्यास जागा नाही. अशा कुत्र्याच्या साखळीच्या टप्प्यात कोणत्याही मुलाने जाऊ नये. पिलाच्या गळ्यात हौसेने बांधलेली सुतळीही पाहावी. पिलू वाढते, सुतळी वाढत नाही, आणि ती मांसात रुतते.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. चावलेले मूल पुष्कळदा घरी सांगत नाही. कुत्र्याची खोडी आपणच काढली होती, म्हणून मार बसेल, ही भीती त्यास असते. बारीक ओरखडा चार दिवसांत भरून येतो आणि सर्व विसरले जाते. पिसाळी रोगाचे विष मात्र मज्जातंतूंतून मेंदूकडे सावकाश जात असते. लक्षणे बहुधा एक ते तीन महिन्यांनी दिसतात, आणि एकदा ती दिसल्यावर रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. चावा लपविण्याची किंमत अशी आहे. म्हणून ज्या शाळेत मूल न भिता ‘गुरुजी, कुत्रे चावले’ असे सांगू शकते, त्या शाळेने अर्धे काम केले. त्या वेळी खोडी कोणी काढली, हा प्रश्न विचारू नये.

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटे धुवावी. घड्याळ पाहून धुवावी, कारण चिंतेत असलेल्या माणसास दोन मिनिटेही पंधरा वाटतात. तिखट, चुना, हळद, तेल यांपैकी काहीही लावू नये, पट्टी आवळू नये, आणि त्याच दिवशी मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. पोटात १४ इंजेक्शने घेण्याची जुनी पद्धत केव्हाच बंद झाली आहे, हे पालकांस मुद्दाम सांगावे, कारण त्या आठवणीने आजही काही जण दवाखाना टाळतात. आताची लस दंडात दिली जाते. पहिला दिवस शून्य धरून त्वचेत द्यावयाची लस ०, ३, ७ व २८ या दिवशी, आणि स्नायूत द्यावयाची असल्यास १४ व्या दिवशी आणखी एक. रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत द्यावयाचे प्रतिद्रव्यही लागते. मांजराचा चावा वा ओरखडा आणि जखमेवर चाटणे यांसही हेच उपाय लागू आहेत. चावणारे कुत्रे माहीतले असेल तर त्यावर १० दिवस नजर ठेवावी, मात्र त्यासाठी लस थांबवू नये.

पिसाळलेले कुत्रे नेहमी सैरावैरा धावतेच असे नाही. काही कुत्री सुस्त होऊन कोपऱ्यात बसतात, जबडा लोंबतो, लाळ गळते, पाणी गिळता येत नाही. घशात हाड अडकले असावे या समजुतीने कनवाळू माणसे अशा कुत्र्याच्या तोंडात हात घालतात. मुलांस हे चित्र काढून दाखवावे. अनोळखी कुत्रे अंगावर आल्यास झाडासारखे स्तब्ध उभे राहावे, हात अंगाशी, नजर जमिनीकडे. पडल्यास पोटाशी पाय घेऊन, मान व कान हातांनी झाकून निपचित राहावे. याचा सराव मैदानात खेळ म्हणून करता येतो. घरच्या कुत्र्यास व मांजरास तिसऱ्या महिन्यात पिसाळीप्रतिबंधक लस टोचून घ्यावी व पुढे दरवर्षी पुन्हा टोचावी. कोणाच्या घरी कोणते जनावर आहे व त्यास केव्हा टोचले, याचा एक तक्ता वर्गातील भिंतीवर मुलांकडूनच लिहवून घ्यावा, आणि ज्या नावापुढील रकाना कोरा आहे त्या घरच्या पालकास पशुवैद्यकीय दवाखान्याचा वार कळवावा.