दाह उतरवला की स्मृती वाचते?

उतारवयात शरीरात मंद दाह धुमसत राहतो. इटलीचे क्लॉडिओ फ्रान्सेस्की यांनी २००० साली त्याला ‘इन्फ्लमेजिंग’ असं नाव दिलं. रक्तात सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन, इंटरल्युकिन-६ अशा दाहाच्या खुणा जास्त असलेल्या वृद्धांची स्मरणशक्ती अनेकदा कमी भरते. मग सांधेदुखीच्या गोळ्यांनी दाह उतरवला तर मेंदूही वाचेल, असं वाटणं साहजिकच होतं. अमेरिकेत सत्तरीपुढच्या, घराण्यात अल्झायमर असलेल्या लोकांना नेप्रॉक्सेन आणि सेलेकॉक्सिब देऊन पाहिलं. हृदयविकाराच्या शंकेने डिसेंबर २००४ मध्ये गोळ्या थांबवाव्या लागल्या, आणि अल्झायमरही काही टळला नाही.

तर्क कुठे लंगडा होता, याचा माग जनुकांनी दिला. आइसलँडच्या डीकोड कंपनीने २,२६१ जणांचे संपूर्ण जीनोम वाचले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ट्रेम-२ जनुकातला एक दुर्मीळ बदल हाती लागला. तो असणाऱ्यांना अल्झायमरचा धोका जवळपास तिप्पट! मला मात्र त्यातली दुसरी नोंद जास्त बोलकी वाटते: ऐंशी ते शंभर वयाच्या, अल्झायमर न झालेल्यांतही हा बदल असलेल्यांची आकलनक्षमता इतरांहून कमी होती.

ट्रेम-२ हे प्रथिन मेंदूतल्या मायक्रोग्लिया पेशींवर असतं. या पेशी म्हणजे मेंदूचे सफाई कामगार. मेलेल्या पेशींचा कचरा उचलायचा, अमायलॉइड या प्रथिनाचे थर घेरून ठेवायचे, हे त्यांचं काम. जनुकातल्या बदलामुळे ते ढिलं पडतं. म्हणजे इथे प्रतिकारशक्ती भडकल्यामुळे नव्हे, कमी पडल्यामुळे घोटाळा होतो. सीडी-३३ जनुकाची साक्षही तीच. त्याचं प्रथिन मायक्रोग्लियाला आवरून धरतं. ज्यांच्यात त्याचा जोर कमी, त्यांना अल्झायमरपासून थोडं संरक्षण मिळतं. दाहाला सरसकट शत्रू ठरवणाऱ्या जाहिरातींनी हे वाचायला हवं.

मग ट्रेम-२ लाच चेतवलं तर? तसं एक प्रतिपिंड तयार झालं, पण २०२४ मध्ये त्याच्या चाचणीत आजाराची गती काही मंदावली नाही. शिवाय आइसलँडमधला तो बदल चिनी-जपानी लोकांत जवळजवळ आढळतच नाही, तेव्हा आइसलँडचे निष्कर्ष जसेच्या तसे भारतातही लागू पडतील असं गृहीत धरता येत नाही. भारतातल्या ‘लासी-डॅड’ पाहणीनुसार साठीपुढच्या ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. या पाहणीत स्मृतीच्या चाचण्यांबरोबर रक्ताचे नमुने घेऊन जनुकंही तपासली जात आहेत.